सोळा माइक आणि एक छोटा बोर्ड

धाराशिव जिल्ह्यात जंगल औषधालाच. त्यातल्या त्यात दाट झाडी पाहायची तर येडशीला जावे. तिथल्या रामलिंग घाटात सुमारे २२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. पावसाळ्यात येणारी मंडळी महादेवाचे दर्शन घेतात, धबधबा पाहतात आणि परततात. पक्षी पाहायला आलेल्यांची मात्र इथे पंचाईत होते, कारण झाडीतला पक्षी ऐकू येतो पण दिसत नाही. आता समजा, धाराशिवच्या तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या किंवा तुळजापूरच्या तुळजाभवानी अभियांत्रिकीतल्या शेवटच्या वर्षाच्या चौघांनी ठरवले, की आवाज नेमका कुठून आला हे सांगणारे यंत्र करायचे. हातभर रुंदीच्या गोल चकतीवर सोळा बारके माइक बसवायचे. आवाज ज्या माइकला आधी लागला, त्या दिशेला पक्षी.

हा प्रकल्प इथे कल्पिलेला आहे, त्यातले गणित मात्र खरे आहे. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दोन माइकांमध्ये वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर अंतर असेल, तर आवाज एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचायला फार तर अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. दिशा काढायची ती या एवढ्याशा फरकावरून. म्हणून सोळाही माइक एकाच क्षणी ऐकले गेले पाहिजेत आणि त्यांचे घड्याळ एकच असले पाहिजे. आजकाल मोबाइलमध्ये वापरतात तसले डिजिटल माइक सेकंदाला साधारण तीस लाख वेळा एकेक बिट बाहेर टाकतात. सोळांचे मिळून जवळजवळ पाच कोटी बिट सेकंदाला. आर्डुइनोला एवढा भार झेपत नाही. काही चांगल्या मायक्रोकंट्रोलरमध्ये अशा माइकांसाठी खास सोय असते, पण तीही बहुधा चार-आठ माइकांवर संपते.

इथे एफपीजीएचा विचार सुरू होतो, आणि त्यापाठोपाठ बोर्ड कोणता घ्यायचा ही डोकेदुखीही.

फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अरे, म्हणजे एफपीजीए, ही चिप कारखान्यातून येते तेव्हा कोणतेच ठरावीक काम करत नाही. तिच्या आत हजारो छोटे तक्ते असतात. चार तारा आत, एक तार बाहेर, आणि चार तारांच्या सोळा शक्यतांपैकी प्रत्येक शक्यतेला उत्तर शून्य की एक, हे लिहून ठेवायला सोळा बिटांची जागा. या तक्त्यांना लुकअप टेबल किंवा नुसते लट म्हणतात. प्रत्येक लटशेजारी एक बिट धरून ठेवणारा फ्लिप-फ्लॉप असतो, आणि या सगळ्यांना हव्या त्या पद्धतीने जोडता येतील अशा तारांचे जाळे असते. व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषांत सर्किटचे वर्णन लिहायचे. त्यावरून कोणत्या तक्त्यात काय भरायचे आणि कोणती तार कुठे जोडायची, हे सॉफ्टवेअर ठरवते. मायक्रोकंट्रोलर एकामागून एक सूचना पाळतो; एकच वाढपी सोळा पंगतींत धावत असावा तसा. एफपीजीएमध्ये प्रत्येक पंगतीला वेगळा वाढपी उभा करता येतो, आणि सगळे एकाच ठोक्याला वाढतात.

या जातीची पहिली बाजारी चिप १९८५ साली अमेरिकेतल्या झायलिंक्स कंपनीने आणली. एक्ससी२०६४ हे तिचे नाव. तिच्यात लॉजिकचे अवघे ६४ ठोकळे होते. आज हौशी लोकांच्या सर्वांत छोट्या बोर्डावरही हजारभर तरी लट असतात.

तरीही ज्याला त्याला एफपीजीए लागतो असे नाही, आणि हे दुकानदार सांगत नाही. ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह ओलाव्याप्रमाणे उघडणे-मिटणे हे काम दोन-तीनशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर झोपेत करतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरबरोबर उमरगा आणि लोहारा तालुक्यांतली गावेही भुईसपाट केली. त्यामुळे जमिनीची कंपने नोंदवणारे यंत्र करावे, असे या भागातल्या एखाद्या विद्यार्थ्याला वाटणे साहजिक आहे. पण तीन दिशांची कंपने, प्रत्येकीचे सेकंदाला दोनशे आकडे, म्हणजे एकूण सहाशे. त्यासाठी साधा आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर पुरतो. तिथे खरी कसोटी लागते ती सेन्सरची आणि त्याच्या पायाची.

विजेचे उदाहरण आणखी बोलके आहे. वीज नेमकी कुठे पडली हे काढायला अनेक ठिकाणची केंद्रे एकाच लहरीची वेळ नोंदवतात. रेडिओलहरी एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातात, त्यामुळे वेळ मायक्रोसेकंदापर्यंत बिनचूक हवी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे, म्हणजे आयआयटीएमचे, असे जाळे आहे आणि तिचे ‘दामिनी’ ॲप मराठवाड्यातले शेतकरीही वापरतात. हे ऐकून कोणीही म्हणेल, इथे तरी एफपीजीए हवाच. पण ब्लिट्झऑर्टुंग या हौशी लोकांच्या जागतिक जाळ्यातली केंद्रे वर्षानुवर्षे एसटीएम३२ जातीच्या मायक्रोकंट्रोलरवर चालत आली आहेत. जीपीएसकडून दर सेकंदाला येणारा ठोका आणि चिपमधलेच अचूक टायमर, एवढ्यावर त्यांचे भागते. रास्पबेरी पाय पिकोच्या चिपमध्ये तर पिनांची कामे स्वतंत्रपणे सांभाळणारी आठ छोटी यंत्रे आतच बसवलेली आहेत. पूर्वी ज्यासाठी छोटा एफपीजीए घ्यावा लागे, अशी बरीच कामे आता तीच उरकतात.

मग खरी गरज कुठे? महाराष्ट्रातच पाहायचे तर जुन्नर तालुक्यात खोडदला. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि प्रत्येक तबकडीकडून दोन संदेश येतात. दुर्बिणीच्या सुधारित रूपात ४०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा एकदम नोंदवला जातो. त्यासाठी प्रत्येक संदेशाचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. साठ संदेशांचे मिळून सेकंदाला ४८ अब्ज आकडे. हे आकडे पहिल्यांदा हातात घेणारे बोर्ड म्हणजे रोच. त्यांच्यावर झायलिंक्सची व्हर्टेक्स-५ मालिकेतली एफपीजीए चिप असते. ती आकडे घेते, त्यांची पाकिटे बांधते आणि ग्राफिक्स कार्डांच्या ताफ्याकडे पाठवते. पुढचे गणित तिकडे होते. खोडदच्या अभियंत्यांनी आणखी एक काम या चिपवर चढवले. आसपासच्या वीजवाहिन्यांवर ठिणग्या उडतात आणि त्यांची खरखर आकाशातून येणाऱ्या क्षीण संदेशात मिसळते. ती खरखर ओळखून जागच्या जागी गाळणारे सर्किट त्यांनी एफपीजीएमध्ये बसवले. त्यात सरासरीऐवजी मध्यकाचा आधार घेतला आहे, कारण एका मोठ्या ठिणगीने सरासरी बिघडते, मध्यक बिघडत नाही. डेटा साठवून मागाहून गाळायचे म्हटले तर साठवणीचाच डोंगर होतो.

येडशीचे सोळा माइक हे याच कामाचे फार छोटे भावंड. आकडे कमी, पण ‘सगळे एकाच वेळी’ ही अट तीच.

आता बोर्ड. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहसा शिकवायचे बोर्ड असतात, आणि त्यांच्यावर सगळेच असते. टेरासिकचा डीई१०-लाइट घ्या : दहा स्विच, दहा दिवे, सहा आकडी पाट्या, मॉनिटरची जोडणी, ॲक्सिलरोमीटर. शिकताना हे उत्तम. पहिल्याच तासाला स्विच सरकवून दिवा लावता येतो. पण प्रकल्पाच्या वेळी प्रत्येक स्विच आणि प्रत्येक दिवा चिपची एकेक पिन अडवून बसलेला असतो, आणि बोर्ड जेवणाच्या ताटाएवढ्या डब्यात घालून झाडाला टांगावा लागतो. त्यामानाने त्याच कंपनीचा डीई०-नॅनो आटोपशीर आहे. सायक्लोन-४ चिप, सुमारे २२ हजार लॉजिक एलिमेंट, ३२ मेगाबाइट मेमरी आणि दोन्ही कडांना चाळीस-चाळीस पिनांच्या रांगा. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र स्पर्धेत एफपीजीएवर आधारलेल्या विषयांसाठी हाच बोर्ड दिला जात असे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यार्थ्यांची त्याच्याशी ओळख आहे.

कमीत कमी सामानाचा बोर्ड म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांपुढे आणावे. एफपीजीए, तिच्या वेगवेगळ्या व्होल्टेजसाठी दोन-तीन रेग्युलेटर, सर्किटचे वर्णन साठवणारी फ्लॅश मेमरी, एक ऑसिलेटर, यूएसबीसाठी एक चिप, आणि बाकी सगळ्या पिना कडेला आणून सोडलेल्या. यात भर घालायला नको आणि यातले काही सहसा वगळताही येत नाही.

अशा बोर्डांची जाहिरात बहुधा लटच्या संख्येवर होते आणि विकत घेणाराही तीच पाहतो. तो शेवटी पाहायचा आकडा आहे. आधी पिना मोजाव्यात. डिजिटल माइकांची एक सोय असते : एका तारेवर दोन माइक बसतात, एक घड्याळाच्या चढत्या कडेला बोलतो आणि दुसरा उतरत्या. म्हणजे सोळा माइकांना आठ तारा, त्यांना घड्याळ पुरवायला एक, सोबतच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाकडे डेटा पाठवायला चार आणि जीपीएसच्या ठोक्याला एक. एकूण चौदा पिना. लॅटिस कंपनीच्या आइस४० यूपी५के या चिपला ३९ पिना वापरता येतात आणि यूपीडुइनो या तिच्या बोटभर लांबीच्या बोर्डावर त्यांतल्या तीसेक बाहेर काढलेल्या आहेत. बेंगळुरूच्या व्हीएसडीचा ‘व्हीएसडीस्क्वाड्रन एफपीजीए मिनी’ हा बोर्डही याच चिपवर उभा आहे. तो देशातच मिळत असल्यामुळे आयात शुल्काची आणि कुरिअरची कटकट वाचते.

मग येते घड्याळ. यूपी५केमध्ये ४८ मेगाहर्ट्‌झचा ऑसिलेटर आतच आहे, पण त्याचा अचूकपणा क्रिस्टलच्या जवळपासही जात नाही. दिवे लुकलुकवायला तो चालेल, ध्वनीच्या मोजमापाला चालणार नाही. यूपीडुइनोवर १२ मेगाहर्ट्‌झचा नीट ऑसिलेटर आहे, मात्र तो चिपपर्यंत पोहोचवायला बोर्डावरच्या एका बारक्या उघड्या जोडणीवर कथिलाचा थेंब टाकावा लागतो. मॅन्युअल न वाचता बसलेल्या माणसाचा अर्धा दिवस इथे हमखास जातो.

एकदा ते १२ मेगाहर्ट्‌झ मिळाले, की आतल्या पीएलएलने चौपट करून ४८ मेगाहर्ट्‌झ करायचे आणि माइकांना ३ मेगाहर्ट्‌झ द्यायचे. आता गंमत पाहा. माइकाच्या दर बिटामागे चिपचे बरोबर सोळा ठोके पडतात आणि माइकही सोळाच. म्हणजे बिटांतून आवाजाचे आकडे काढणाऱ्या सोळा गाळण्या (फिल्टर) वेगवेगळ्या बांधायची गरज नाही. एकच गाळणी प्रत्येक ठोक्याला एकेका माइकाचे काम उरकते आणि मधले आकडे चिपमधल्या मेमरीत ठेवून देते. युजीन होगेनॉर यांनी १९८१ साली मांडलेली सीआयसी नावाची गाळणी इथे फिट बसते, कारण तिला गुणाकार लागतच नाही, नुसती बेरीज-वजाबाकी. सोळा वेगळ्या गाळण्या बांधल्या असत्या तर चिपमधले ५,२८० लट जवळजवळ संपले असते. एकच वापरली तर बहुतांश चिप मोकळी राहते. लट मोजून मोठी चिप घेणारा माणूस इथे विनाकारण पैसे मोजून बसतो. यूपी५के वेगाने जरा मंद आहे, एवढे मात्र लक्षात ठेवावे. लांबलचक बेरजा ४८ मेगाहर्ट्‌झला बसवायच्या तर त्यांचे टप्पे पाडावे लागतात.

गाळून उरलेले आकडे बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न बहुतेकांना बोर्ड घरी आल्यावर सुचतो. तीस लाख बिटांना ६४ ने गाळले की प्रत्येक माइकाचे सेकंदाला ४६,८७५ नमुने उरतात. सोळा माइक, प्रत्येक नमुना सोळा बिटांचा : सेकंदाला बरोबर १ कोटी २० लाख बिट. बोर्डावरच्या यूएसबी चिपच्या साध्या सिरीयल मार्गाचा कमाल वेगही नेमका १ कोटी २० लाखच आहे, पण तिथे प्रत्येक आठ बिटांमागे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन बिट जादा जातात. म्हणजे गाडी सुटली, माल फलाटावरच. त्यामुळे एसपीआयच्या चार तारांनी डेटा थेट रास्पबेरी पायला द्यावा लागतो. पाय हा लिनक्सवर चालणारा संगणक आहे. मध्येच दुसऱ्या कामात गुंतला तर काही मिलिसेकंद इकडे पाहतही नाही. यूपी५केमधली १२८ किलोबाइट मेमरी तेवढ्यात कामाला येते. या वेगाने ती भरायला ८७ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढी उसंत सहसा पुरते.

ती पुरत नसेल, किंवा पक्षी ओरडण्याआधीचे काही सेकंदही जपून ठेवायचे असतील, तर सिपीडच्या टँग नॅनो ९केकडे वळावे. गोविन या चिनी कंपनीच्या चिपवरचा हा बोर्ड दोन-तीन हजारांच्या आत मिळतो. ८,६४० लट, आणि चिपच्याच पोटात ८ मेगाबाइट मेमरी. येडशीच्या हिशेबाने साडेपाच सेकंदांचा आवाज तिच्यात मावतो. त्याची खोड मात्र माहीत हवी. काही पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि काही १.८ व्होल्टच्या. दिवे आणि बटणे ज्या बँकेवर आहेत ती १.८ ची. नकाशा न पाहता त्या बँकेच्या पिनेला ३.३ व्होल्टचा सेन्सर जोडला तर चिप दुखावते.

व्होल्टेजचा हा मुद्दा सगळ्याच आधुनिक एफपीजीएंना लागू आहे. आर्डुइनोवर वाढलेल्या मुलांच्या पेटीत पाच व्होल्टचे सेन्सर असतात, अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक तर हमखास. तो सरळ जोडू नये. मध्ये लेव्हल शिफ्टर घालावा. त्याला फार तर पन्नास-शंभर रुपये पडतात.

गणित जड असेल तर डिजिलेंटचा सीमॉड ए७ पाहावा. आर्टिक्स-७ चिपच्या मोठ्या रूपात २०,८०० लट आणि गुणाकाराचे ९० ठोकळे, तरी बोर्ड ब्रेडबोर्डमध्ये खोचता येईल एवढाच, ४८ पायांचा. किंमत दहा हजारांच्या आसपास जाते. दिशा शोधण्याचे सगळे गणित चिपमध्येच करायचे असेल तर तो खर्च पटतो. नुसते आकडे गोळा करून पायला द्यायचे असतील तर तो उधळपट्टीच.

एक गमतीचा पर्याय चौकाचौकात टांगलेला असतो. वाढदिवसाचे आणि दुकानांचे जे एलईडी फलक दिसतात, त्यांच्या पाठीमागे चित्र स्वीकारणारे एक कार्ड असते. कलरलाइट ५ए-७५बी हे त्यांतले एक नाव. त्यावर लॅटिसची ईसीपी५ चिप, सुमारे २४ हजार लट, मेमरी आणि दोन गिगाबिट इथरनेट. हौशी लोकांनी पिनांचा माग काढून ते कार्ड विकासाच्या बोर्डासारखे वापरात आणले. किमतीच्या मानाने त्याच्याएवढे सामर्थ्य दुसरीकडे मिळत नाही. अडचण एवढीच, की सगळ्या पिना पाच व्होल्टच्या बफर चिपांमधून जातात आणि त्या फक्त बाहेर बोलतात, बाहेरचे ऐकत नाहीत. माइक जोडायचे तर बफर उखडून दुसरे बसवा. सोल्डरिंगवर हात बसलेला नसेल त्याने या वाटेला जाऊ नये.

स्वस्त म्हणून जुने घेणे हा आणखी एक सापळा. ऑनलाइन बाजारात ईपी२सी५टी१४४ चिपचा लहानसा बोर्ड वर्षानुवर्षे विकला जातो. सायक्लोन-२ मालिकेतला हा बोर्ड गुणी आहे. ग्रँट सर्ल या ब्रिटिश हौशी माणसाने त्यावर झेड८० सारख्या जुन्या प्रोसेसरचे आख्खे संगणक उभे केले. पण त्याच्या २६, २७, ८० आणि ८१ या पिना वीजपुरवठ्याला आणि ग्राउंडला आधीच जोडलेल्या असतात, कारण त्याच पाटीवर मोठी चिपही बसावी अशी रचना आहे. सॉफ्टवेअरचा प्रश्न त्याहून मोठा : सायक्लोन-२ ला ओळखणारी क्वार्टसची शेवटची आवृत्ती १३.० सर्व्हिस पॅक १. तीच गत झायलिंक्सच्या स्पार्टन-३ आणि स्पार्टन-६ ची. त्यांच्यासाठी आयएसई १४.७ लागते आणि ती २०१३ नंतर पुढे सरकलीच नाही. कॉलेजच्या कपाटात असे बोर्ड असतील तर शिकायला खुशाल वापरावेत, नव्याने विकत मात्र घेऊ नयेत.

आणि सॉफ्टवेअर म्हटले की इंटरनेट आले. आर्टिक्ससाठी लागणारे व्हिवाडो फुकट मिळते, पण ते कित्येक गीगाबाइटचे धूड आहे. वसतिगृहात मोबाइलच्या रोजच्या डेटावर ते उतरवायचे म्हटले तर आठवडा जाईल, आणि जुन्या लॅपटॉपवर जागाही उरणार नाही. इथे आइस४० कुळाची बाजू भक्कम आहे. २०१५ मध्ये क्लेअर वुल्फ आणि सहकाऱ्यांच्या ‘आइसस्टॉर्म’ प्रकल्पाने या चिपमधला प्रत्येक बिट काय करतो हे बाहेरून उलगडून काढले आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय या चिप वापरण्याची वाट मोकळी झाली. योसिस आणि नेक्स्टपीएनआर ही मुक्त साधने त्या तुलनेत अगदी आटोपशीर आहेत, लिनक्सवरच्या साध्या लॅपटॉपवरही पळतात आणि त्यांना परवान्याची फाइल लागत नाही. ईसीपी५ आणि गोविनच्या छोट्या चिपनाही त्यांचा आधार आहे.

मराठवाड्यात एक गोष्ट वेगळी सांगायला नको : लाइट जाते. बहुतेक एफपीजीए वीज गेली की सगळे विसरतात. वीज आल्यावर फ्लॅशमधून वर्णन पुन्हा भरून घेतात आणि मग चालू लागतात. म्हणून फ्लॅश नसलेला, दर वेळी लॅपटॉप जोडावा लागणारा बोर्ड शेतात किंवा जंगलात ठेवण्याच्या कामाचा नाही. शिवाय चिप भरून होईपर्यंतच्या त्या थोड्या वेळात पिना कोणाच्याच ताब्यात नसतात. माइकांना त्याचे काही नाही, पण पिनेला मोटरचा रिले लावला असेल तर तो मध्येच खटकू शकतो. तिथे बाहेरून रेझिस्टर लावून पिन बंद अवस्थेला बांधून ठेवावी. बॅटरीवर चालवायचे असेल तर यूपी५के काटकसरी आहे. काही काम नसताना ती शंभर मायक्रोअँपिअरच्या आसपास वीज खाते. खरा खादाड रास्पबेरी पाय. एफपीजीएने आवाज ओळखून मगच त्याला उठवले तर बॅटरी किती तरी जास्त टिकते.

बोर्ड निवडताना पुढची पायरीही आत्ताच डोळ्यांपुढे असावी. पहिला नमुना चालला की चौघांना आपला स्वतःचा पीसीबी करावासा वाटणारच, माइकांच्या चकतीवरच चिप बसवलेला. अशा वेळी ज्या बोर्डाचा सर्किट नकाशा खुला आहे, त्याची थेट नक्कल करता येते : रेग्युलेटर कोणते, कपॅसिटर किती आणि कुठे, फ्लॅश कशी जोडली. यूपीडुइनोचे नकाशे असे खुले आहेत. चिपचा आकारही पाहावा. यूपी५के ४८ संपर्कांच्या, सात मिलिमीटरच्या चौकोनात येते. गरम हवेच्या सोल्डरिंग यंत्राने ती घरी बसते. पोटाखाली गोळ्या असलेल्या बीजीए चिपसाठी बहुपदरी पाटी आणि भट्टी लागते. ते काम धाराशिवात बसून जमणे अवघड. पुण्या-मुंबईकडे पाठवावे लागते.

आयआयटी मुंबईच्या वाधवानी इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेने आपल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतःचे बोर्ड केले, तेव्हा हाच शहाणपणा दाखवलेला दिसतो. ‘क्रिप्टॉन’ या बोर्डावर अल्टेराची मॅक्स-५ जातीची, १,२७० लॉजिक एलिमेंटची छोटी चिप आहे. मागाहूनच्या ‘झेन१०’ वर मॅक्स-१० आहे. दोन्ही चिप १४४ पिनांच्या आणि आपले वर्णन आपल्याच पोटात जपणाऱ्या, म्हणजे वेगळी फ्लॅश नको. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रयोगशाळांपैकी एकीने पहिल्या धड्यांसाठी एवढी छोटी चिप निवडली, हे लटच्या आकड्यांवर भाळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. छोट्या चिपमध्ये सर्किट मावले नाही की मूल वर्णन पुन्हा वाचते, आणि कुठे जागा वाया गेली ते त्याला दिसते.

येडशीच्या प्रकल्पापुरता निर्णय द्यायचा तर तो असा : आधी यूपी५केचा कोणताही बोर्ड, आवाज साठवायची गरज पडली तर टँग नॅनो ९के, आणि सीमॉड किंवा डीई०-नॅनो कॉलेजकडे आधीपासून असेल तरच. पण मागणी नोंदवण्याची घाई नको. योसिस, नेक्स्टपीएनआर आणि आयकारस व्हेरिलॉग आज लॅपटॉपवर उतरवून घ्यावेत. हातात एकही बोर्ड नसताना ते चालतात. गाळणीचे व्हेरिलॉग लिहावे, खोटे माइक जोडून आयकारसमध्ये ते चालवून पाहावे, मग नेक्स्टपीएनआरला ते यूपी५केमध्ये बसवायला सांगावे. मिनिटभरात तो ५,२८० पैकी किती जागा लागली आणि घड्याळ किती मेगाहर्ट्‌झपर्यंत चालेल, हे पडद्यावर छापतो. तो दुसरा आकडा ४८ च्या वर दिसला की मगच पैसे भरावेत.